पपनसाएवढा सूर्य : सूर्यमाला प्रकल्पाच्या नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

निवडणुकीची ड्युटी, मतमोजणी, सगळं आटोपलं आणि आज शाळा खऱ्या अर्थाने भरली. वर्गाच्या दारावर मतदान केंद्राचा क्रमांक अजून चिकटलेलाच आहे. सहावी-सातवीची मिळून चौदा मुलं आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मांडायचा एक प्रकल्प. विषय मुलांनीच निवडला : सूर्यमाला.

मनात म्हटलं, झालं. दरवर्षी कुठला ना कुठला वर्ग प्लास्टिकचे चेंडू रंगवतो, तारेवर ओळीने लटकवतो आणि शनीला पुठ्ठ्याची चकती घालतो. गेल्या वर्षी ते बघून एका मुलीच्या आजोबांनी विचारलं होतं, "बाई, गुरू जर पृथ्वीच्या इतका शेजारी आहे, तर आभाळात एवढासा कसा दिसतो?" मी हसून वेळ मारून नेली. पण चेंडूंच्या हिशेबाने आजोबांचंच बरोबर होतं.

म्हणून यंदा दोन कामं. ग्रहांचे आकार आणि त्यांची अंतरं एकाच प्रमाणात मांडायची, आणि अंगणात एक काठी उभी करून वर्ष संपेपर्यंत तिची दुपारची सावली मोजत राहायची.

काठीचं काम आजच सुरू. पीव्हीसी पाइपचा तुकडा सिमेंट भरलेल्या रंगाच्या डब्यात रोवून दिवाळीपूर्वीच ठेवला होता. वर बरोबर एक मीटर राहील असा कापलाय. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला आणि डब्याखाली चिपा सारून पाइप सरळ केला. बारा वाजता सावली ७९ सेमी. पोरं वहीत लिहून पळायच्या बेतात होती, त्यांना थांबवलं. दहा मिनिटांनी सावली आखडली. पुन्हा आखडली. सगळ्यांत लहान झाली ती १२ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास, साडेसत्त्याहत्तर सेमी, आणि मग वाढायला लागली.

"बाई, शाळेचं घड्याळ पुढे आहे?"

मोबाइलमध्ये बघितलं. घड्याळ बरोबर आहे. उत्तर आज दिलं नाही.

२८ नोव्हेंबर

प्रमाण ठरवण्यात आख्खी दुपार गेली, पण आत्तापर्यंतची सगळ्यांत चांगली दुपार ही.

पहिला प्रस्ताव मुलग्यांचा : पृथ्वी म्हणजे क्रिकेटचा चेंडू. हिशेब फळ्यावर मांडला तर सूर्य जवळपास आठ मीटरचा, म्हणजे शाळेच्या छपराहून उंच, आणि तो ठेवायचा साडेआठशे मीटरवर. नेपच्यून २५ किलोमीटरवर. रद्द. दुसरा प्रस्ताव : सगळं व्हरांड्यात बसवू, पंधरा मीटरांत. मग सूर्य वाटाण्याहूनही लहान आणि पृथ्वी ०.०४ मिलिमीटर. "दिसणार कशी?" रद्द.

मग सातवीतली एक मुलगी, एरवी हात वर न करणारी, म्हणाली, "एक सेंटिमीटरला एक लाख किलोमीटर घेऊया का?" घेतलं. मग एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर आणि एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार. भागाकार करायचाच नाही, पुस्तकातला कोटीचा आकडा उचलायचा आणि पुढे मीटर लिहायचं. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किमी, म्हणजे १५ मीटर. गुरू ७८ कोटी, म्हणजे ७८ मीटर. नेपच्यून ४५० कोटी, म्हणजे ४५० मीटर. आमची लाख-कोटीची मोजणी या कामासाठीच केली असावी असं वाटलं.

सूर्याचा व्यास १३ लाख ९२ हजार किमी, म्हणजे १४ सेमी. कुणाच्या तरी घरी पपनसाचं झाड आहे. उद्या सूर्य येतोय.

२ डिसेंबर

वाणसामान. सूर्य आला, चांगला वजनदार आहे. बाकीचे ग्रह मुलांनी आयांच्या डब्यांतून आणले आणि पट्टीवर, भिंगाखाली, एकेक मोजून निवडले.

बुध ०.५ मिमी : बारीक रव्याचा कण. शुक्र १.२ आणि पृथ्वी १.३ मिमी : मोहरी, पण चाळून काढलेली लहानातली लहान. मंगळ ०.७ मिमी : खसखस. गुरू १४ मिमी : खेळायची गोटी, तीही दुकानातल्या बरणीतली सगळ्यांत लहान शोधावी लागली. शनी १२ मिमी : रिठ्याची बी. युरेनस आणि नेपच्यून दोन्ही ५ मिमी : दोन मिरे. (एकाच्या आजोबांनी युरेनसला 'हर्षल' म्हटलं. पंचांगात तेच नाव असतं. १७८१ मध्ये विल्यम हर्शेलने तो शोधला, त्यावरून. आमच्या वहीत आता दोन्ही नावं आहेत.)

शनीच्या कड्यांपाशी अडलो. त्यांची रुंदी जमते, आमच्या मापात बाहेरचा व्यास पावणेतीन सेमी. पण खरी कडी ठिकठिकाणी जेमतेम काही दहा मीटर जाड आहेत. लाख किलोमीटरचा सेंटिमीटर केल्यावर एवढी पातळ वस्तू जगातल्या कुठल्याच दुकानात मिळायची नाही. पारदर्शक प्लास्टिकची चकती कापली आणि खाली लिहिलं : 'ही फार जाड झाली आहे.'

चंद्र : रव्याचा आणखी एक कण, पृथ्वीच्या मोहरीपासून ३.८ सेमीवर. दोन्ही एकाच कार्डावर फेविकॉलने चिकटवले. १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसं चंद्रावर चालून आली. त्यापलीकडच्या कुठल्याही जगावर माणसाचं पाऊल पडलेलं नाही. एका पोराने कार्डावर दोन बोटं ठेवली. "एवढंच?"

७ डिसेंबर, शनिवार

आज गुरू सूर्याच्या बरोबर समोर : प्रतियुती. संध्याकाळी सात वाजता सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, जमलो, पालकांसह. आमच्याकडे सड्यावर दिवे नाहीत. गैरसोय म्हणून तक्रार करतो, आज उपयोग झाला.

पश्चिमेला शुक्र, त्याला ओळखायला कुणाचीच मदत लागत नाही. अर्ध्याच्या आसपास चंद्र, आणि त्याच्यापासून हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर शनी, मंद. पूर्वेला नुकताच वर आलेला गुरू, रोहिणीच्या शेजारी. रोहिणी तांबूस आणि लुकलुकती, गुरू पांढरट आणि स्थिर. ग्रह लुकलुकत नाहीत हे वाक्य मुलांना पाठ होतं, दोन्ही शेजारीशेजारी बघितल्यावर ते त्यांचं झालं.

बायनॉक्युलर हातात हलतो, म्हणून सायकलच्या सीटवर टेकवला. गुरूच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके : त्याचे चंद्र. कुणाला तीन दिसले, कुणाला चार. गॅलिलिओला जानेवारी १६१० मध्ये असेच दिसले होते आणि रात्रीगणिक त्यांच्या जागा बदलताना दिसल्या. सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं हे त्या ठिपक्यांनी खोटं ठरवलं. आमच्या मापात गोटीपासून त्यांतला आयो ४ सेमीवर, कॅलिस्टो १९ सेमीवर. घरी जाताना पोरं गोटीभोवती चार मुंग्या फिरवायच्या गोष्टी करत होती.

१२ डिसेंबर

मुंग्यांनी मंगळ नेला.

विनोद नाही. खसखशीचं कार्ड खिडकीत राहिलं, सकाळी फक्त फेविकॉलचा डाग. नवा मंगळ चिकटवला, वर सेलोटेप. पण यातून एक चांगली गोष्ट निघाली. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे आमच्या सूर्यमालेत सेकंदाला तीन सेंटिमीटर. मुलांनी लगेच पट्टी ठेवून एका मुंगीची वेळ लावली : तीस सेंटिमीटरला दहा-अकरा सेकंद. म्हणजे आमच्या अंगणात प्रकाश मुंगीच्या चालीने चालतो! पपनसापासून निघालेली मुंगी मोहरीपाशी ८ मिनिटं २० सेकंदांनी पोचेल. नेपच्यूनच्या मिऱ्यापाशी चार तासांनी, वाटेत कुठेही खसखस खात बसली नाही तर.

२१ डिसेंबर, शनिवार

वर्षातली सगळ्यांत लांब मध्यान्हसावली आज : ८५ सेमी, १२ वाजून ३५ मिनिटांनी. शनिवारची शाळा सकाळीच सुटते, तरी नऊ मुलं थांबली. वीस तारखेला आणि आज फरक मिलिमीटरचाही नाही. सूर्य वळायला वेळ घेतो.

आता प्रश्न सावलीच्या लांबीचा नाही, वेळेचा आहे. पंचवीस नोव्हेंबरला १२.२४, आज १२.३५. घड्याळ तेच. एक मुलगा मला रोज टोचतोय, "बाई, मग बारा वाजता काय होतं?" चांगला प्रश्न आहे, आणखी आकडे येऊ देत.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज सूर्यमाला रस्त्यावर मांडली.

अंतर मोजायला सायकल. चाकाच्या एका आऱ्याला लाल रिबीन बांधली, रिबिनीचा एक फेरा म्हणजे दोन मीटर सात सेमी. पहिल्या खेपेला मोजणारा काजूच्या बागेपाशी कुत्र्याला घाबरला आणि आकडा विसरला, नेपच्यून पंचवीसेक मीटर चुकला. दुसऱ्या खेपेला दोघांनी वेगवेगळं मोजलं. २१७ फेरे, एसटीचा थांबा. आमचा नेपच्यून एसटीच्या थांब्यावर आहे.

पपनस आता सुरकुतलंय, म्हणून सूर्य म्हणजे १४ सेमीची पिवळी चकती, फाटकावर टांगलेली. बुध ५.८ मीटर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८. चौघेही अंगणातच. मग एकदम मोकळं. ३३ ते ४९ मीटरच्या पट्ट्यात लघुग्रह म्हणून चिमूटभर रांगोळी टाकली, तीही जास्तच झाली : त्या सगळ्यांचं मिळून वस्तुमान आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्के. बोअरिंगपाशी गुरू. काजूच्या फाटकाशी, १४३ मीटरवर, शनी. पुढे मुलांची बडबड थांबत गेली. २८७ मीटरवर युरेनस, आणि मधे नुसता कातळ आणि वाळलेलं गवत. एक पोरगी म्हणाली, "बाई, ह्यात तर काहीच नाय." इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही मॉडेलबद्दल कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.

परत येताना मोहरीच्या जागी सगळ्यांना उभं केलं. तिथून टांगलेली चकती आभाळातल्या सूर्याएवढीच दिसते, कारण १५ मीटरवरचे १४ सेमी आणि १५ कोटींवरचे १४ लाख यांचा कोन एकच, सुमारे अर्धा अंश. सूर्याकडे थेट बघायचं नाही, म्हणून ते संध्याकाळी दिसणाऱ्या चंद्राशी ताडून बघायला सांगितलं. चंद्रही दिसतो तेवढाच. एसटीच्या थांब्यावरून मात्र चकती म्हणजे पिवळा ठिपका. तिथे ऊन आपल्या ऊन्हाच्या नऊशेवा भाग.

आणखी एक. आज पृथ्वी वर्षातल्या सूर्याच्या सगळ्यांत जवळच्या जागी आहे : १४.७ मीटर. जुलैच्या सुरुवातीला १५.२ मीटर. खडूने दोन रेघा मारल्या, त्यात अर्ध्या मीटरचं अंतर. आणि स्वेटर कधी घातलाय? आज. सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडते असं लिहिलेल्या पाच मुलांनी स्वतःच वह्या काढून खोडलं.

१५ जानेवारी

संक्रांतीनंतर पहिलं माप : ७८ आणि ७९ च्या मधे, वेळ १२.४६. म्हणजे २१ डिसेंबरपासून सावली साडेसहा सेंटिमीटर आखडली.

"पण उत्तरायण काल सुरू झालं ना?" तिळाची वडी खात खात प्रश्न. सावलीच्या वहीत ते त्याच्या चोवीस दिवस आधीच सुरू झालंय. संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत जाणं, आणि राशी ताऱ्यांना बांधलेल्या. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे ऋतू आणि तारे यांच्यात बहात्तर वर्षांमागे साधारण एका दिवसाचा फरक पडत जातो. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत. आजी खोटं सांगत नाही, जुनं सांगते. हे घरी कसं सांगायचं यावर मुलांची बरीच चर्चा झाली, मी भाग घेतला नाही.

१८ जानेवारी, शनिवार

तालुक्याच्या गावातून एक हौशी आकाशनिरीक्षक आपली दुर्बीण घेऊन आले. शुक्र आणि शनी आज अगदी जवळजवळ दिसत होते, दोन बोटांच्या आत. शुक्र दुर्बिणीत अर्ध्या चंद्रासारखा. रांगेतल्या एका आईने विचारलं, "चुकून चंद्रावर लावलीत का?" चंद्र तेव्हा उगवलाच नव्हता.

शनीने निराशा केली. सगळे कड्यांसाठी आलेले आणि दिसली ती बीमधून आरपार गेलेली सुई. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, आणि त्यात दोनदा त्याची कडी आपल्याला अगदी कडेने दिसतात. यापूर्वी २००९ मध्ये, आता २३ मार्चला. मुलांना वाईट वाटलं, मला नाही. कडी पातळ आहेत हे मी दोन डिसेंबरला फळ्यावर लिहिलं होतं, ते आज शनीने दाखवलं.

मंगळ पूर्वेला, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, तांबडा आणि नेहमीपेक्षा तेजस्वी. बारा तारखेला तो ९.६ कोटी किमीवर होता. आमच्या खसखशीला त्यासाठी मोहरीपासून ९ मीटर ६० सेमीवर यावं लागतं, आणि सूर्यापलीकडे गेली की ती ४० मीटरपर्यंत लांब जाते. मंगळ कधी डोळ्यांत भरतो आणि कधी सापडत नाही, त्याचं कारण एवढंच.

२४ जानेवारी

पालकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड : उद्या सगळे ग्रह एका रेषेत येणार, असं शेकडो वर्षांत एकदाच घडतं, वगैरे. सकाळपासून सात जणांनी मला पाठवला.

मुलांना विचारलं. एक जण ठसक्यात म्हणाला, "आपल्या रस्त्यावर तर ते रोजच रेषेत असतात." आणि मी गप्प झाले. बरोबर आहे, आमच्या मॉडेलनेही एक थाप मारलीच आहे! सोयीसाठी सगळे ग्रह एका रस्त्यावर लावले.

मग दोरी आणि कोनमापक घेऊन ग्रह त्यांच्या आजच्या खऱ्या दिशांना बसवले, निदान मैदानात मावतील तेवढे. मंगळ आपल्याच बाजूला. शनीचं कार्ड मैदानात मावेना, त्याची नुसती दिशा आखली, तर ती सूर्याच्या पलीकडे काजूच्या नाही, आंब्यांच्या बागेकडे गेली. रेषा कुठेच नाही. पण मोहरीवर डोळा टेकवून बघितलं तर सगळे आभाळाच्या एकाच पट्ट्यात दिसतात, कारण त्यांच्या कक्षा जवळपास एकाच पातळीत आहेत, ताटात ठेवल्यासारख्या. तो पट्टा कायम असतो. उद्या संध्याकाळी चार ग्रह एकदम दिसतील हे मात्र खरं आणि बघण्यासारखं, असं ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले.

११ फेब्रुवारी

सावली ६० सेमी, वेळ १२.५१. आज बाराच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं, तिकडे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळचं. आपण सव्वात्र्याहत्तरवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर सदतीस मिनिटं उशिरा. हा झाला कायमचा उशीर. त्यात वरखाली होणारी मिनिटं दोन कारणांनी : पृथ्वी सूर्याजवळ असताना जोरात पळते, लांब असताना रमते, आणि तिचा अक्ष कललेला आहे. म्हणून नोव्हेंबरात सूर्य सोळा मिनिटं लवकर येतो आणि फेब्रुवारीत चौदा मिनिटं उशिरा. "म्हणजे पहिल्या दिवशी घड्याळ पुढेच होतं," तो मुलगा म्हणाला. होतं. माफी मागितली.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन

लोकांना फाटकापासून एसटीच्या थांब्यापर्यंत चालवलं, मार्गदर्शक मुलंच. त्यांनी दोन पाट्या स्वतःहून वाढवल्या. पहिली थांब्यावर : '१९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर-१ यान इथून आणखी दोन किलोमीटरवर, बाजारपेठेत.' आमच्या मापात ते सूर्यापासून अडीच किमीवर येतं. दुसरी पाटी : 'सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४,००० किमी. सिंगापूरच्याही पुढे.' गेल्या वर्षीचे आजोबा आले होते. बोअरिंगपाशी गोटी बघितली, मागे वळून अंगणातली मोहरी शोधली, ती अर्थातच दिसली नाही. "हां," म्हणाले.

१३ मार्च

बातमी : शनीचे १२८ नवे चंद्र मान्य झाले, एकूण २७४. प्रश्नमंजूषेसाठी मुलांनी १४६ पाठ केलं होतं. पाठ केलेले आकडे पेन्सिलीने लिहावेत असं ठरलं.

२० मार्च, गुरुवार

विषुवदिन : आज सूर्य बरोबर विषुववृत्तावर. सकाळच्या शाळेनंतर थांबलो. सावलीच्या टोकाशी दर दहा मिनिटांनी खडूची खूण केली. डिसेंबरमध्ये या खुणांची कमान झाली होती, आज त्या सरळ रेषेत आल्या, पट्टी लावून बघितल्या. सर्वांत लहान सावली साडेतीस सेमी, १२.४४ ला.

आलेख कागदावर शंभर बाय साडेतीसचा काटकोन त्रिकोण काढला, कोनमापक लावला : १७ अंश. नकाशात आपला अक्षांश बघितला : १७. मग २१ डिसेंबरचा त्रिकोण, शंभर बाय पंच्याऐंशी : चाळीस आणि थोडा. वजाबाकी करायला मी सांगितलं नव्हतं. तेवीस, साडेतेवीसच्या मधे कुठेतरी. पृथ्वीच्या अक्षाचा कल. पुस्तकात तो आकडा ठळक अक्षरांत छापलेला आहे, तो एका पाइपच्या तुकड्यातून आणि दोन त्रिकोणांतून निघाला, तेव्हा ज्या मुलीने लाख किलोमीटरचा सेंटिमीटर सुचवला होता ती उठून पुस्तक उघडून खात्री करून आली.

८ मे

सुट्टी आहे, तरी पाच जण आले. आज सूर्य बरोबर डोक्यावरून जाणार. ढग येऊन-जाऊन. साडेबाराला पाच मिनिटांची फट मिळाली : पाइपची सावली डब्याच्या कडेतच विरली. एकाने पाइपच्या तोंडातून आत डोकावून बघितलं, तळाशी उजेडाचा गोल पडलेला.

मुंबईला मामाकडे गेलेल्या मुलाला सांगून ठेवलं होतं. त्याचा फोन आला, गच्चीवर तीस सेंटिमीटरची पट्टी उभी करून बसलाय. "बाई, इथे अजून आहे थोडी सावली. एक सेंटिमीटर. उत्तरेला."

त्याला म्हटलं, पट्टी तिथेच ठेव, पंधरा-सोळा तारखेला परत बघ.